दूध तुटतंय, गाय उलटतेय, कडबा पुरत नाही: सोलापूरच्या बदललेल्या हवेत काय करायचं

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. मंगळवेढा तालुक्यात आठ एकर रान, त्यातलं पाच एकर काळं, बाकी मुरमाड. सहा एचएफ क्रॉस (होल्स्टीन फ्रीजियन संकरित) गाई. मार्चमध्ये जी गाय दोन्ही वेळचं मिळून १६ लिटर देत होती ती मेमध्ये १० वर आली, दोन गाई तीन-तीनदा भरवूनही उलटल्या, म्हणजे गाभ न राहता परत माजावर आल्या, एक सातव्या महिन्याची गाभण आहे. ज्वारी सप्टेंबरच्या पावसामुळं उशिरा पेरली आणि कडबा निम्माच निघाला. हे सगळं हवामान बदलामुळंच होतंय का, आणि सगळ्या एचएफ विकून खिल्लार किंवा पंढरपुरी म्हशी घ्याव्यात का, असं तुम्ही विचारलंय.

मी २६ वर्षं सोलापूर जिल्ह्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून फिरतोय, सांगोला, मंगळवेढा, मोहोळ, थोडं अक्कलकोट. उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. सगळ्या गाई विकू नका, दोन कमी करा. गोठ्याची रात्र थंड करा. आणि इथून पुढं गोठ्यात किती गाई ठेवायच्या हे चांगल्या सालावर ठरवू नका, वाईट सालाला जेवढा कडबा निघतो त्यावर ठरवा. तुमचे तिन्ही त्रास गोठ्याची गरम रात्र आणि कडब्याचा हिशोब या दोन गोष्टींशीच येऊन जुळतात, कसं ते बघा.

हवामान बदल म्हटलं की आपल्याकडची म्हातारी माणसं म्हणतात, दुष्काळ आम्हाला काय नवा हाय का, बहात्तरचा बघितलाय. बरोबर आहे त्यांचं. सोलापूर पर्जन्यछायेतला जिल्हा, वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सोलापुरात १९३३ सालीच काढावं लागलं ते उगीच नाही. पण बदललंय काय तर क्रम. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट गेला, त्या साली आपल्या जिल्ह्यातले सांगोला, माळशिरस, करमाळा, माढा, बार्शी हे तालुके दुष्काळी जाहीर झाले, उजनी धरण भरलंच नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली, खोल गेलं, सोलापूरचा पारा ४४ च्या घरात, आणि ते २०२४ साल देशातलं तोपर्यंतचं सगळ्यात गरम वर्ष ठरलं. त्याच साली ऑगस्टमध्ये पुणे जिल्ह्यातल्या पावसावर उजनी भरून वाहिलं. मग २०२५ ला मे महिन्यातच पाऊस आला आणि सप्टेंबरात सीनेला असा पूर आला की लांबोटीजवळ पुणे हायवे बंद पडला, माढा-मोहोळ-करमाळ्यात जनावरं दावणीला बांधलेली वाहून गेली. दोन-सव्वादोन वर्षांत दुष्काळ, उष्णता आणि पूर, तिन्ही. शेतकऱ्याला एका संकटातून वर यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच आता मिळत नाही, मला हा सगळ्यात मोठा बदल वाटतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ चा पाऊस तपासून दाखवलंय की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्यात. म्हणजे पावसाची वर्षाची बेरीज तीच दिसते, पण तो कधी आणि कसा पडतो ते बदललं.

पण तुमच्या गोठ्यातलं सगळं हवामानावर ढकलू नका हेही सांगतो. तुम्ही फोटो टाकलाय त्यात पत्र्याचं शेड आहे, आठ-नऊ फूट उंच, तीन बाजूनं विटांची भिंत. ती भिंत हवामान बदलानं बांधली नाही.

तर आता रात्रीचं. २०२४ च्या मेमध्ये मंगळवेढ्याजवळच्या एका गोठ्यावर रात्री अकराला बोलावणं आलं, गाय धापा टाकतेय म्हणून. गेलो तर पाच गाई, पाचही उभ्या. गाय रात्री अकराला बसून रवंथ करत असायला पाहिजे. तोंडातून लाळेची तार, मान पुढं ताणलेली. मी घड्याळ लावून भकाळीची (श्वासाबरोबर हलणाऱ्या कुशीची) हालचाल मोजली, मिनिटाला ८४. नॉर्मल गाईची ३०-३५ च्या आसपास असते, ६० च्या वर गेली की समजायचं तिला ताण आहे. ताप १०४. मालक बिचारा म्हणत होता, दुपारी बारा, दोन, चारला पाणी मारतो की साहेब, मग काय झालं? मी भिंतीला हात लावला, रात्री अकरालाही ती भाकरीच्या तव्यासारखी गरम. वरचा पत्रा, बाजूच्या विटा, खालचं काँक्रीट, दिवसभर पिलेली ऊब रात्रभर गाईवर सोडत होते. बाहेर लिंबाखाली उभं राहिलं तर बरं वाटत होतं आणि आत घुसमट. आम्ही गाई सोडल्या, बाहेर लिंबाखाली बांधल्या, पाईपनं कातडीपर्यंत भिजवलं, घरातला टेबलफॅन वायर ओढून बाहेर आणून लावला. पाऊण तासात त्या ८४ वाल्या गाईची ५२ वर आली, आणि पाण्यावर तुटून पडली. त्या रात्री औषध म्हणून मी फार काही दिलंच नाही.

गाईला आपल्यासारखा भरपूर घाम येत नाही. वर तिच्या कोटीपोटात चोवीस तास चारा कुजत असतो आणि त्याचीही उष्णता निघते, जितकं जास्त दूध तितकी आतली भट्टी मोठी. दिवसभर साठलेली ही उष्णता ती रात्री बाहेर टाकते. रात्र थंड मिळाली तर दुपारचं ४१-४२ सुद्धा ती निभावून नेते. रात्रच गरम राहिली तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती कालच्या उधारीवर सुरुवात करते, आणि चार दिवसांत कोसळते.

याला मोजायचं साधन आहे, टीएचआय म्हणतात, तापमान आणि दमटपणा एकत्र धरून काढलेला आकडा. घरी काढता येतो. दोन साधे सेल्सिअसचे थर्मामीटर घ्या, एकाच्या बुडाला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि वारा लागेल असं टांगा. कोरड्याचा आणि ओल्याचा आकडा मिळवा, त्याला ०.७२ नं गुणा, त्यात ४०.६ मिळवा. एचएफ गाईला ७२ च्या वर त्रास सुरू होतो, आपल्या क्रॉस गाई थोडं जास्त सोसतात. आता मेची दुपार धरा, कोरडा ४०, ओला २४, तर उत्तर येतं ८६.७. मेची रात्र, २८ आणि २३, तरी ७७. आणि जुलैचा ढगाळ दिवस, आपल्याला गार वाटतो तो, ३१ आणि २५, उत्तर जवळजवळ ८१! म्हणून पाऊस सुरू झाला, आता गाय सुटली असं समजू नका. जून ते सप्टेंबर दमट उष्णता असते आणि त्यात नुसतं पाणी मारून भागत नाही, कारण हवेतच ओल असल्यावर कातडीवरचं पाणी उडत नाही, तिथं पंखाच पाहिजे.

दूध १६ चं १० कसं झालं तर त्यातला जेमतेम निम्मा भाग कमी खाण्याचा आहे. बाकीचं असं की गाय धापा टाकण्यात ताकद घालवते, रक्त कातडीकडं वळतं आणि कासेकडं कमी जातं, शिवाय लाळ गळून वाया जाते. त्या लाळेत नैसर्गिक सोडा असतो, तो पोटात गेला नाही की पोट आंबतं, फॅट पडतं. डेअरीत साडेतीन-साडेआठ (साडेतीन टक्के फॅट, साडेआठ टक्के फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) लागत नाही म्हणून तुमचा दर कापला असेल तर तो दूधवाल्याशी भांडून परत यायचा नाही, पोट सुधारून येईल. गाईला रोज १०० ते १५० ग्रॅम खाण्याचा सोडा दोन वेळच्या खुराकात विभागून, ४०-५० ग्रॅम मीठ, आणि मिनरल मिक्श्चर, हे तीन उन्हाळाभर चालू पाहिजेत. चारा घालण्याचं वेळापत्रक उलटं करा. कडबा, गव्हाचं भुसकट असला जाड चारा पचताना जास्त उष्णता देतो, तो दुपारी अजिबात नको. संध्याकाळी आठनंतर आणि पहाटे पाचच्या आत मिळून दिवसाच्या चाऱ्यातला दोन तृतीयांश घाला, कुट्टी करून. दुपारी थोडं हिरवं, बास.

पाण्याबद्दल एक गोष्ट सांगतो कारण ही चूक मी शंभर गोठ्यांवर बघितलीय. स्लॅबवर काळी टाकी, तिथून काळा पाईप उन्हातून गव्हाणीपर्यंत. मालक म्हणतो चोवीस तास पाणी आहे. दुपारी दोनला त्या हौदात कोपरापर्यंत हात घाला, अंघोळीचं पाणी असतं तसं लागेल. गाय तोंड लावते आणि बाजूला होते. दुधाच्या गाईला उन्हाळ्यात शंभर लिटरच्या आसपास पाणी लागतं, आणि दूध म्हणजे ८७ टक्के पाणीच आहे, ती प्यायली नाही तर देणार कुठून. टाकी सावलीत आणा नाहीतर तिला ओलं गोणपाट गुंडाळा, पाईप एक फूट जमिनीत गाडा, हौद आठवड्यातून एकदा घासून चुना लावा. याचा खर्च पाचशे-हजाराचा आहे आणि माझ्या अनुभवात सगळ्यात लवकर फरक यानंच पडतो, तीन-चार दिवसांत.

शेडचं काय करायचं तर भिंती खाली दोन-अडीच फूट ठेवून वरच्या फोडा, वारा आरपार गेला पाहिजे. पत्र्यावर उसाचं पाचट नाहीतर सरमाड पसरून बांधा, तेही नसेल तर चुना आणि फेविकॉल कालवून पांढरा हात मारा. नवीन शेड कधी बांधलं तर लांबी पूर्व-पश्चिम आणि मधली उंची बारा-चौदा फूट. फॉगरच्या (पाण्याचं धुकं सोडणाऱ्या नोझलच्या) नादाला बंद शेडमध्ये लागू नका, त्यानं नुसती वाफ कोंडते. त्यापेक्षा पाईपनं एक-दोन मिनिटं चांगलं भिजवायचं, दहा-पंधरा मिनिटं पंखा, परत भिजवायचं, असं तीन-चार वेळा, आणि ते दुपारी करताच तसं रात्री नऊ-दहालाही करायचं. लाईटचं रडगाणं मला माहिती आहे, रात्रीची लाईट असेल त्या आठवड्यात पंखा, नसेल तेव्हा मुक्त गोठ्यात झाडाखाली. झाड नसेल तर या पावसाळ्यात गोठ्याच्या पश्चिमेला चार लिंब आणि शेवरी-सुबाभूळ लावून टाका.

आता उलटणाऱ्या गाई. ह्याच्यात लोक लई पैसे घालवतात, इंजेक्शनं, गर्भाशयात औषधं सोडणं, आणि दोष बऱ्याचदा उन्हाचा असतो. उन्हाळ्यात माज लहान होतो, मुका होतो म्हणजे बाहेरून खुणा दिसत नाहीत, आणि बहुतेक रात्री येतो. तुम्ही सकाळी दूध काढताना सोट (माजाचा चिकट स्राव) बघता आणि डॉक्टर दुपारी येतो तोवर वेळ टळलेली असते. रात्री दहा-अकराला आणि पहाटे चार-पाचला गोठ्यात चक्कर मारा, कोणती गाय दुसरीवर चढतेय, कोण उभी राहतेय ते लिहून ठेवा. दुसरं म्हणजे गाय भरल्यावर पहिल्या आठवड्यात तिचा ताप वाढला तर गर्भ तिथंच मरतो, आणि २१ दिवसांनी ती परत माजावर आलेली दिसते, आपण म्हणतो उलटली. आणि तिसरं, हे कुणी सांगत नाही, स्त्रीबीज तयार व्हायला बरेच आठवडे लागतात, मेमध्ये तापलेलं बीज जुलै-ऑगस्टच्या माजात बाहेर पडतं. म्हणून पाऊस पडून हवा गार झाली तरी दीड-दोन महिने गाभ राहण्याचं प्रमाण कमीच असतं. तुमच्या त्या दोन गाईंना आता चौथ्यांदा मेमध्ये भरवू नका. त्यांची एकदा तपासणी करून घ्या, गर्भाशयात पू नाही ना एवढं बघा, मिनरल मिक्श्चर आणि थंडावा द्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात भरवा. आमच्याकडं ऑक्टोबर ते फेब्रुवारीत भरवलेल्या गाई सगळ्यात चांगल्या लागतात, म्हशींचं तर जास्तच तसं आहे.

सातव्या महिन्याची जी गाभण आहे तिच्याबद्दल मला खरी काळजी वाटते. बहुतेक गोठ्यात दूध आटवलेल्या गाईला कोपऱ्यात, सगळ्यात गरम जागी बांधतात, कारण ती दूध देत नाही. शेवटच्या दोन महिन्यांत तिची कास पुढच्या वेतासाठी नव्यानं बांधली जात असते. त्या काळात ती तापली तर पुढच्या सबंध वेताला दूध कमी येतं, वासरू हलकं जन्मतं, आणि फ्लोरिडा विद्यापीठातल्या लोकांनी बरीच वर्षं याच्यावर काम करून दाखवलंय की पोटात असताना तापलेली कालवड मोठी झाल्यावरही कमी दूध देते. म्हणजे एका उन्हाळ्याचं नुकसान दोन पिढ्या. तुमच्याकडं एकच पंखा असेल तर तो आधी तिला लावा.

आता ज्वारीवर येतो, कारण आपल्या भागात ज्वारी आणि गाय हे दोन विषय नाहीतच. ज्वारीचा दाणा आपण खातो, कडबा गाय खाते, म्हणून तर मालदांडी ही ज्वारीची जुनी जात एवढी वर्षं टिकली, दाणा जास्त देणाऱ्या जाती आल्या पण कडबा असा गोड नाही. मोहोळच्या केंद्रातून निवडलेली ही जात, आणि तुमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ ला जीआय मानांकन मिळालं ते तिच्याच जोरावर. पण ती पावसावर नाही, जमिनीतल्या ओलीवर जगते. उत्तरा-हस्ताच्या पावसावर, १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या आत पेरली की ओल आणि पीक बरोबरीनं चालतात. २०२५ सारखं सप्टेंबरात रानात पाणीच उभं राहिलं, वाफसा (पेरण्याजोगी ओल) यायला महिना गेला, पेरणी नोव्हेंबरात गेली, की तीन ठिकाणी मार बसतो. एक खोडमाशी, उशिरा पेरलेल्या कोंबावर ती तुटून पडते. दोन, डिसेंबर-जानेवारीत ढगाळ हवा आली की मावा येतो आणि पानावर चिकटा पडतो, तो कडबा काळा पडतो आणि जनावर नाक मुरडतं. तीन, दाणा भरायची वेळ फेब्रुवारीत जाते, आणि फेब्रुवारी आता पूर्वीचा राहिला नाही, २०२३ चा फेब्रुवारी दुपारच्या तापमानात १९०१ पासूनचा सगळ्यात गरम होता. ओल संपलेली, वरून ऊन, मग ताटातला रस दाणा ओढून घेतो, कमजोर ताटात जमिनीतली बुरशी शिरते, ताट आतून पोकळ होतं, वाऱ्यानं खडखड वाजत आडवं पडतं. खडखड्या म्हणतात तो हाच. असल्या कडब्यात वजन नसतं आणि गोडीही नसते.

याच्यावर काय करता येतं ते सगळं पेरणीच्या आधी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये रानात उताराला आडव्या सऱ्या नाहीतर छोटे वाफे करून ठेवा, पडेल तो पाऊस जागेवर मुरेल, पेरताना मोडायचे. तुमचं मुरमाड तीन एकर आहे तिथं मालदांडीचा हट्ट सोडा, हलक्या रानाला फुले अनुराधा किंवा फुले माउली घ्या, लवकर येतात. काळ्या भारी रानात फुले वसुधा, पाणी द्यायची सोय असेल तिथं फुले रेवती. तीन कोळपण्या चुकवू नका, तिसरी साधारण आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्यानं, भेगा बुजल्या की ओल पंधरा दिवस जास्त टिकते. आणि नोव्हेंबर उजाडला तरी पेरणी झाली नसेल तर अर्ध्या रानात ज्वारी सोडून हरभरा करा. दाणा-पैसा त्यात निघेल, कडब्याचं दुसरीकडून बघू.

आता हिशोब बसवू. एका गाईला रोज पाच किलो कडबा धरला तर सहा गाईंना वर्षाला जवळजवळ ११ टन लागतो. कोरडवाहू काळ्या रानात चांगल्या साली एकरी दोन टनापर्यंत कडबा निघतो, पाच एकरांत १० टन, म्हणजे सहा गाई कशातरी निभतात. या साली निम्मा, पाच टन. तो तीन गाईंचा आहे. उरलेल्या तीन गाईंचा कडबा तुम्हाला अशा वेळी विकत घ्यावा लागतो जेव्हा सगळा तालुका विकत घेत असतो आणि शेकड्याचा (शंभर पेंढ्यांचा) भाव दुप्पट झालेला असतो. दुधाचा धंदा तोट्यात जातो तो इथं. २०१८-१९ ला सांगोल्या-मंगळवेढ्याच्या चारा छावण्यांत मी काम केलंय, तिथं जनावर घेऊन आलेल्या माणसांत आळशी माणूस मला दिसला नाही, बहुतेकांचं एकच झालं होतं, चांगल्या दोन सालांत गाई वाढवल्या आणि चारा वाढवला नाही.

तीन गाईंची ही फट मुरघासानं, म्हणजे हवाबंद करून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यानं, भरता येते. सहा गाईंना उन्हाळ्याचे चार महिने रोज २० किलो मुरघास धरला तर साडेचौदा टन झाला. पाण्याखालच्या एका एकरातल्या मक्याचं हिरवं १५ ते २० टन निघतं. म्हणजे एकच एकर. दाणा दुधाळ संपून चिकात आला की कापायचा, कुट्टी करून बॅगेत तुडवून तुडवून भरायचा, हवा राहिली तर बुरशी येते. लष्करी अळीकडं लक्ष ठेवा, २०१८ ला आपल्याच जिल्ह्यात मक्यावर ती आली आणि आता कायमची झालीय, पोंग्यात बघत राहायचं पहिले चाळीस दिवस. मक्याची लावण जूनमध्ये करा, उन्हाळी मका तुरा येताना ४० च्या उन्हात सापडला तर परागच मरतो आणि कणसं बोळकी राहतात.

उसाचे वाढे (शेंड्याकडचा हिरवा पाला) स्वस्त मिळतात म्हणून नुसत्या वाढ्यावर गाई ठेवू नका. त्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम ओढून नेतं, गाय व्यायल्यावर बसते त्याला हेही एक कारण. वाढे घालायचेच तर चुन्याची निवळी शिंपडून आणि बाकी चाऱ्यात मिसळून. आणि एक गोष्ट जिवावर बेतणारी: पावसानं महिनाभर ओढ दिली, ज्वारी गुडघ्याच्या खाली सुकली, मग एक सर आली आणि नवे कोंब फुटले, त्या रानात जनावर अजिबात सोडू नका, किराळ लागते, म्हणजे कोवळ्या ज्वारीतल्या विषाची बाधा होते. मी २०२३ ला एका वस्तीवर पोचेपर्यंत दोन गाई गेल्या होत्या, खाल्ल्यापासून तासाभरात. ज्वारी फुलोऱ्यात आल्याशिवाय हिरवी घालायची नाही. पावसाची उघडीप आता जास्त लांबते म्हणून हे प्रकार मला पूर्वीपेक्षा जास्त दिसतात. पुरात भिजलेला काळा कडबाही तसाच, वरचा झाडून आतला घालू असं करू नका, बुरशीचं विष आत गेलेलं असतं आणि दुधातही उतरतं. तो खतात टाका. जीव तुटतो हे मला कळतं, सीनेकाठी एका म्हाताऱ्या बाबांनी कडब्याची अख्खी गंज उकिरड्यावर टाकली तेव्हा मी शेजारी उभा होतो, त्यांनी एकेक पेंढी हुंगून मग टाकली.

आजाराचं पटकन सांगतो. पाऊस लवकर येतोय तर घटसर्प-फऱ्याची लस जूनवर ढकलू नका, मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकून घ्या. लम्पी २०२२ ला आला तो माश्या-डास-गोचिडांवर स्वार होऊन आला, त्याची लस दरवर्षी. थंडी कमी पडायला लागल्यापासून गोचीड डिसेंबरातही दिसते, गाईबरोबर भिंतीच्या फटी आणि दावणीचा खालचा भाग यांच्यावरही औषध मारा, नाहीतर गोचीडताप वर्षभर चालू राहतो आणि क्रॉस गाय त्याला लवकर बळी पडते. पावसानंतर गाय अचानक लंगडली, ताप आला, तीन दिवसांत बरी झाली तर तो तिवा आहे, त्यात आडवं पाडून तोंडानं काढा पाजू नका, फुफ्फुसात जातो.

जातीचं. खिल्लार आपल्या मातीचं सोनं आहे, उन्हात तिला काही होत नाही, पण ती बैलासाठी घडवलेली जात आहे, दूध वासराला पुरून दोन-तीन लिटर. डेअरीचा हप्ता तिच्यावर निघणार नाही, आणि निघेल असं सांगून विकणारा माणूस तुमचं भलं बघत नाही. आवड म्हणून, बैलजोडीसाठी, एक ठेवा, मला आनंदच होईल. पंढरपुरी म्हैस चांगली, सहा-सात लिटर देते, कमी चाऱ्यावर तग धरते, फॅट भरपूर. पण काळी कातडी आणि घाम कमी, तिला डुंबायला पाणी नाहीतर दिवसातून तीन वेळा भिजवणं लागतंच, भीमाकाठच्या गावांना जमतं, तुमच्या दक्षिण भागात उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो तिथं विचार करून. माझं मत असं की गाई याच ठेवा पण रक्त बदला. गेल्या पंधरा वर्षांत आपण क्रॉस गाईला परत शुद्ध एचएफ, तिच्या कालवडीला परत शुद्ध एचएफ असं भरवत गेलो, आज गोठ्यातल्या गाईत ७५-८७ टक्के एचएफ रक्त आहे आणि तिला सोलापूरचा मे सोसवत नाही. ५०-६० टक्क्यांवर थांबायला पाहिजे. तुमच्या गाईंना पुढच्या वेळी जर्सी क्रॉस, नाहीतर गीर-साहिवालची कांडी (कृत्रिम रेतनाची वीर्यकांडी) लावा, किंवा राहुरी विद्यापीठानं एचएफ, जर्सी आणि गीर मिळून तयार केलेल्या फुले त्रिवेणीची मिळत असेल तर ती बघा. कांडी लावायला येणाऱ्याला वळूचा नंबर आणि जात वहीत लिहायला सांगा, काय भरलं हेच माहिती नसेल तर रक्ताचा हिशोब लागत नाही.

कोणत्या दोन विकायच्या तर दुधावरून ठरवू नका. मेमध्ये दुपारी तीनला सहाही गाईंची भकाळी मोजा, चार-पाच दिवस, वहीत लिहा. एकाच शेडमध्ये एकीची ९० आणि शेजारणीची ६५ भरते, हा फरक अंगातलाच असतो आणि तिच्या कालवडीतही उतरतो. सगळ्यात जास्त धापणारी आणि सप्टेंबरात भरवूनही उलटणारी, या दोन काढा. पण आत्ता बाजारात नेऊ नका, मेमध्ये सांगोल्याच्या बाजारात चाऱ्यावाचून आलेल्या जनावरांची गर्दी असते, व्यापारी हात झाकून निम्म्यावर आणतो. पाऊस होऊन बांधावर हिरवं दिसायला लागलं की गिऱ्हाईक गाय शोधत तुमच्या दारात येईल, तोवर त्यांना वाढे-चुना आणि मक्याच्या चाऱ्यावर काढा, आणि शिल्लक कडबा गाभण गाईसाठी बाजूला रचून ठेवा.